शिकाऊ परिचारिकेस पैसे द्यावे काय?

रुग्णालयांत चारपांच दिवस काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहज आली असेल. मोठे डॉक्टर सकाळीं येतात, खाटेपाशीं दोन मिनिटें थांबतात आणि पुढें जातात. वॉर्डाची सिस्टर औषधांच्या आणि नोंदींच्या व्यापांत गढलेली असते. परंतु उशी सारखी करणारी, घोटभर पाणी पाजणारी, रात्रीं दोन वाजतां ताप पाहून जाणारी मुलगी पुष्कळदां निराळीच असते. तिचा गणवेष थोडा वेगळा असतो, खिशांत लहानशी वही असते, आणि तिला कांहीं विचारलें तर ती म्हणते, "थांबा हं आजोबा, सिस्टरना विचारून येतें." ही शिकाऊ परिचारिका. तिच्या हातून रोग्याची सेवा होत असते हें खरें. पण ती सेवा करावयास नव्हे, तर सेवा शिकावयास आलेली असते, हेंहि तितकेंच खरें. ह्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध आजचा आपला प्रश्न उभा आहे. शिक्षणाचा भाग म्हणून जे तास ती वॉर्डांत घालविते, त्यांबद्दल तिला पैसे मिळावे कीं मिळूं नयेत?

हा प्रश्न सर्वच देशांत आहे. परंतु आज मी मुख्यतः इंग्लंडचें उदाहरण घेणार आहें. कारण तेथें ह्या प्रश्नाचीं जवळजवळ सर्व उत्तरें आळीपाळीनें अजमावून झालीं आहेत. पगार देऊन पाहिला, बंद करून पाहिला. विद्यावेतन दिलें, तेंहि काढून घेतलें, आणि पुढें त्यांतलें थोडेंसें पुन्हां दिलें. ज्याला ह्या विषयाचा विचार करावयाचा आहे त्याला असा आयता अनुभव दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणखी एक खुलासा. पुरुषहि हा व्यवसाय शिकतात. परंतु बहुसंख्या स्त्रियांचीच असल्यामुळें बोलण्याच्या सोयीसाठीं मी 'ती' असेंच म्हणणार आहें.

प्रथम दोन शब्दांतला भेद स्पष्ट करून घेऊं. पगार म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. विद्यावेतन म्हणजे शिकत असतांना पोटाची विवंचना नसावी म्हणून दिलेली रक्कम. पगार देणारा विचारतो, "काम किती केलेंस?" विद्यावेतन देणारा विचारतो, "शिकलीस किती?" दोन्हींमध्यें हातांत पडणारें नाणें एकच असलें, तरी देणाऱ्याचा अधिकार निराळा असतो. पुढील सर्व इतिहास ह्या भेदाचाच आहे.

क्रिमियाच्या युद्धांतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल परतल्या, तेव्हां लोकांनीं त्यांच्या नांवें मोठा निधि जमविला होता. त्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. उमेदवार स्त्रियांना राहणें, जेवण आणि गणवेष मिळे, आणि वरखर्चासाठीं वर्षाकाठीं १० पौंड मिळत. हा खर्च निधीनें सोसला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तरीहि वॉर्डाला हातांची गरज होती आणि उमेदवारांना हात होते. शिकविण्याचे तास कमी पडूं लागले आणि कामाचे तास वाढूं लागले.

पुढें गांवोगांवच्या रुग्णालयांनीं अशाच शाळा काढल्या. पण त्यांच्यापाशीं नाइटिंगेल-निधि नव्हता. त्यांनीं सोपा हिशेब केला: मुलींना जेवणखाण, राहण्याची जागा आणि तुटपुंजा पगार द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यांत वॉर्ड त्यांच्याकडून चालवून घ्यावे. आपल्याकडे सोनाराच्या दुकानांत किंवा वकिलाच्या कचेरींत उमेदवारी करण्याची जी चाल होती, तिचाच हा मोठा अवतार. फरक इतकाच कीं, सोनाराच्या दुकानांत एक उमेदवार असे. येथें सबंध रुग्णालयच उमेदवारांच्या खांद्यावर उभें राहिलें. मुलगी कोणत्या वॉर्डांत जावी हें तिला काय शिकावयाचें राहिलें आहे ह्यावरून ठरत नसे. कोणत्या वॉर्डांत माणूस कमी आहे ह्यावरून ठरे. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळीं वर्गांत पेंगत बसे.

ह्या व्यवस्थेचे दोष कोणाला दिसत नव्हते असें नाहीं. १९४७ सालीं सर रॉबर्ट वुड ह्यांच्या समितीनें आपला अहवाल दिला. शिक्षण अर्धवट टाकून जाणाऱ्या मुलींचें प्रमाण फार मोठें आहे, आणि विद्यार्थिनीला रुग्णालयाची कनिष्ठ नोकर न मानतां खरोखरीची विद्यार्थिनी मानलें पाहिजे, असें तींत स्वच्छ म्हटलें होतें. पुढच्याच वर्षीं, ५ जुलै १९४८ रोजीं, तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिला एकदम हजारों हात पाहिजे होते. मुख्य शिफारस बाजूस राहिली. १९६४ चा प्लॅट अहवाल, १९७२ चा ब्रिग्ज अहवाल आणि १९८५ चा जज अहवाल ह्यांनीं शिक्षणाची घडी बदलण्याची निकड पुन्हां पुन्हां मांडली. चाळीस वर्षें एकाच रोगाचें निदान होत राहिलें आणि औषध मात्र कोणी देईना; कारण औषधाचा खर्च मोठा होता. शिकाऊ मुलींना वॉर्डाच्या कामांतून मोकळें करावयाचें, तर त्यांच्या जागीं पुऱ्या पगाराचीं माणसें नेमावीं लागणार होतीं.

अखेर १९८६ सालीं 'प्रोजेक्ट २०००' ह्या नांवाची योजना पुढें आली, आणि १९८९ पासून ती अमलांत येऊं लागली. तिनें दोन गोष्टी केल्या. शिक्षण रुग्णालयाच्या हातून काढून महाविद्यालयांकडे, आणि कालांतरानें विद्यापीठांकडे नेलें. आणि वॉर्डांतल्या विद्यार्थिनीला 'गणतीबाहेर' ठरविलें. गणतीबाहेर म्हणजे, आज वॉर्डांत किती माणसें आहेत हें मोजतांना तिला मोजावयाचें नाहीं. ती आली तरी वॉर्ड चालला पाहिजे आणि न आली तरी चालला पाहिजे. पगार गेला, त्याच्या जागीं पगाराहून कमी, परंतु परत न करावयाचें, असें विद्यावेतन सरकारकडून मिळूं लागलें. तत्त्वतः ही व्यवस्था मला सर्वांत निर्दोष वाटते. मुलगी कमी पैशांत राहिली, पण शिकण्याचा हक्क तिच्या हातीं आला.

मग २०१७ साल उजाडलें. सरकारचें म्हणणें असें होतें कीं, विद्यावेतनाचा भार खजिन्यावर असल्यामुळें जागांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. इतर विद्यार्थ्यांप्रमाणें ह्या मुलींनींहि कर्ज काढून शुल्क भरलें, तर विद्यापीठांना हव्या तितक्या जागा वाढवितां येतील. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता. त्या वर्षाच्या ऑगस्टपासून इंग्लंडांत नव्या विद्यार्थिनींचें विद्यावेतन बंद झालें आणि कर्ज सुरू झालें. परिणाम लगेच दिसला. जानेवारी २०१७ च्या मुदतीपर्यंत इंग्लंडांतून ह्या शिक्षणासाठीं अर्ज करणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षां २३ टक्क्यांनीं घटली. प्रत्यक्ष प्रवेश तितके घटले नाहींत, कारण अर्ज नेहमींच जागांपेक्षां अधिक असत. परंतु कोण मागें राहिलें हें पाहिलें पाहिजे. घट मोठ्या वयाच्या उमेदवारांत विशेष होती. ज्यांच्या अंगावर संसार आहे, मुलें आहेत, ज्यांनीं आजारी सासूची किंवा आईची शुश्रूषा करतां करतां ह्या कामाची गोडी ओळखली, अशा स्त्रिया कर्जाच्या आंकड्याकडे पाहून माघारीं फिरल्या. परिचारिकेच्या कामाला ज्यांचा अनुभव अमूल्य, त्यांनाच दार अरुंद झालें.

येथें थोडा हिशेब मांडला पाहिजे. तेथील नियमाप्रमाणें परिचारिका म्हणून नोंद होण्यास ४६०० तासांचें शिक्षण लागतें. त्यांतला निम्मा भाग, म्हणजे २३०० तास, प्रत्यक्ष अनुभवाचा. २०२३ पासून त्यांतील ६०० तासांपर्यंतचा अनुभव कृत्रिम प्रसंग उभे करून देण्यास मुभा आहे. बाकीचा रोग्यांजवळच घ्यावयाचा. आठवड्यास साडेसदतीस तास धरले, तर २३०० तासांचे ६१ आठवडे होतात. तीन वर्षांच्या शिक्षणांतलें एक वर्षाहून अधिक पूर्ण वेळ काम! आणि तेंहि ठराविक वेळेचें नव्हे. परिचारिकेनें रोग्याचे चोवीसहि तास पाहिले पाहिजेत, म्हणून त्यांत रात्रपाळ्या येतात, रविवार येतात, बारा बारा तासांचे दिवसहि येतात. साहित्याचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी संध्याकाळीं दुकानांत काम करून आपला खर्च भागवूं शकतो. जिची पाळी दर आठवड्यास बदलते, तिला असें काम कोण देणार? आणि एखादीनें मिळविलेंच, तर ती सुट्टीच्या दोन दिवसांतहि राबून तिसऱ्या दिवशीं रोग्याच्या खाटेपाशीं उभी राहते. थकलेल्या डोळ्यांनीं औषधाचें माप वाचणें ही केवळ तिची खाजगी अडचण नाहीं. ती त्या खाटेवरच्या माणसाचीहि आहे.

सरकारलाहि हें उमगलें असावें. सप्टेंबर २०२० पासून प्रत्येक विद्यार्थिनीस वर्षास ५००० पौंडांचें, परत न करावयाचें साहाय्य सुरू झालें. मुलें सांभाळणाऱ्यांस वर २००० पौंड. शुल्काचें कर्ज मात्र कायमच राहिलें, आणि शुल्क २०२५-२६ सालीं वर्षास ९५३५ पौंडांपर्यंत गेलें. तीन वर्षांचे १५००० पौंड वॉर्डांतल्या २३०० तासांवर वांटून पाहिले, तर तासास साडेसहा पौंड पडतात. एप्रिल २०२५ मध्यें तेथें २१ वर्षांवरील साध्या कामगाराचें कायद्यानें ठरलेलें किमान वेतन तासास १२ पौंड २१ पेन्स होतें. म्हणजे निम्म्याहून थोडें अधिक. आणि वर्गांतले तास, पुस्तकें, घरभाडें ह्यांस त्यांतून कांहींच उरत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें ऐकूं. एक म्हणतो, वकील होणारा शिकतांना पैसे मागत नाहीं, मग परिचारिकेनें कां मागावे? ह्याला उत्तर सोपें आहे. वकील होणाऱ्याच्या शिक्षणांत एकसष्ट आठवड्यांची पाळ्यांची हजेरी नसते, आणि पुढें मिळणारी कमाईहि सारखी नसते. दुसरा म्हणतो, खजिन्यांत पैसा नाहीं. हें उत्तर नव्हे. ती अडचण आहे, आणि तिचा विचार करावा लागेल. परंतु तिसरा जें म्हणतो तें सर्वांत वजनदार आहे. तो म्हणतो, "तुम्ही तिला तासाप्रमाणें पगार द्या, आणि दुसऱ्याच दिवशीं वॉर्ड तिच्यावर हक्क सांगेल. मग तिला शस्त्रक्रिया पाहावयाची असेल, तर सिस्टर म्हणेल, पगार घेतेस ना, मग आधीं ह्या दहा खाटा आवर." ज्यांना १९८९ पूर्वींचे दिवस आठवतात, ते ह्याच कारणानें पगाराचें नांव काढलें कीं दचकतात. त्यांची भीति खरी आहे.

पण ह्या भीतीला दुसरी बाजू आहे, आणि ती २०२० सालीं जगासमोर आली. कोरोनाच्या सांथींत इंग्लंडांतील रुग्णालयें माणसांवांचून अडून गेलीं, तेव्हां शेवटच्या टप्प्यांतील विद्यार्थिनींना पगारावर काम करण्याची मुभा देण्यांत आली, आणि त्या काळापुरतें त्यांचें गणतीबाहेरचें स्थान बाजूस ठेवण्यांत आलें. हजारों मुली पुढें आल्या. ज्यांचें काम काल 'शिक्षण' होतें, त्यांचें तेंच काम आज 'नोकरी' झालें, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां 'शिक्षण' झालें. विद्यापीठाचें शुल्क ह्या सर्व काळांत चालूच होतें. त्याच वर्षीं एका मंत्र्यांच्या पत्रांत, गणतीबाहेर असलेल्या विद्यार्थिनी सेवा देत आहेत असें मानलें जात नाहीं, अशा आशयाचा मजकूर आला, आणि त्यावर मोठा क्षोभ उसळला. नियमाच्या भाषेंत तें वाक्य बरोबर होतें. परंतु ज्या मुलीनें त्या वसंतऋतूंत मरणाऱ्या माणसाचा हात धरून ठेवला होता, तिला तें कसें वाटलें असेल हें सांगावयास नको. कागदावर गणतीबाहेर, आणि प्रत्यक्षांत गणतींत: जेथें वॉर्डांत माणसें अपुरीं असतात, तेथें नेहमीं असेंच घडतें.

ह्या गुंत्यांतून वाट कशी काढावी? आपल्याकडची एक जुनी चाल श्रोत्यांना ठाऊक असेल. पुण्यासारख्या गांवीं शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. कांहीं घरीं यजमानीण त्याला पोटभर वाढी आणि म्हणे, "जा बाळ, आतां अभ्यासाला बैस." कांहीं घरीं मात्र जेवणाआधीं आडाचें पाणी शेंदावें लागे, बाजारहाट करावा लागे, धाकट्या मुलाला शाळेंत पोहोंचवावें लागे. पानांत वाढलेलें अन्न दोन्ही घरीं तेंच. पण पहिल्या घरीं तो विद्यार्थी होता, दुसऱ्या घरीं पोटावारी राबणारा गडी. आणि कल्पना करा कीं तिसऱ्या एका घरानें म्हटलें, "बाबा, तूं विद्यार्थी आहेस, तेव्हां आम्ही तुझ्याकडून काम घेत नाहीं, म्हणून आम्ही तुला जेवूंहि घालणार नाहीं. एवढी घागर मात्र जातां जातां भरून ठेव." इंग्लंडांतील रुग्णालयांच्या इतिहासांत हीं तिन्ही घरें आपल्याला दिसलीं: १९८९ नंतरचें पहिलें, त्यापूर्वींचें दुसरें आणि २०१७ चें तिसरें.

म्हणून माझें उत्तर असें आहे. शिकाऊ परिचारिकेस पैसे अवश्य द्यावे; परंतु ते वॉर्डानें देऊं नयेत आणि कामाच्या मापानें देऊं नयेत. ते सार्वजनिक खजिन्यांतून, विद्यावेतन म्हणून, आणि दुसरी नोकरी करण्याची पाळी येणार नाहीं इतके द्यावे. जो पैसे देतो तो काम सांगतो, हा व्यवहाराचा नियम आहे. तेव्हां पैसे अशा हातानें द्यावे कीं ज्याला तिच्याकडून उशा सारख्या करवून घ्यावयाच्या नाहींत, तर चांगली परिचारिका पाहिजे आहे.

हें केवळ स्वप्न नव्हे. स्कॉटलंडांत २०२० पासून पहिल्या तीन वर्षांसाठीं दर वर्षास १०००० पौंडांचें विद्यावेतन मिळूं लागलें, आणि तेथील विद्यार्थिनींना शुल्क भरावें लागत नाहीं. वेल्सनें पुढें दोन वर्षें तेथेंच नोकरी करण्याची अट घालून विद्यावेतन चालू ठेवलें. ऑस्ट्रेलियांत परिचारिकेस निदान ८०० तास अनुभव घ्यावा लागतो. तेथें १ जुलै २०२५ पासून गरजू विद्यार्थिनींस अनुभवाच्या काळापुरतें आठवड्यास सुमारें ३३० डॉलर सरकारकडून मिळूं लागले. ते वॉर्डाकडून येत नाहींत, विद्यापीठामार्फत येतात; ही त्या योजनेंतली शहाणपणाची गोष्ट. ती फक्त गरजूंपुरती आहे, ही तिची मर्यादा.

इंग्लंडांत २०१७ पासून आणखी एक मार्ग निघाला आहे, तो रुग्णालयाच्या नोकरींत राहून पदवी घेण्याचा. ह्यांत पगार मिळतो, शुल्क लागत नाहीं, आणि शिकण्याच्या तासांपुरती ती विद्यार्थिनीहि गणतीबाहेरच असते. पगार आणि शिक्षण एकत्र नांदूं शकतात ह्याचा हा पुरावा आहे. परंतु तिचा पगार आणि तिच्या जागीं काम करणाऱ्याचाहि पगार रुग्णालयाला सोसावा लागतो, त्यामुळें अशा जागा देतांना तें हात आखडतें.

एक गोष्ट मात्र पैशानें साधणार नाहीं. वॉर्डांत अनुभवी परिचारिकाच अपुऱ्या असल्या, तर विद्यार्थिनीला शिकवावयास कोणाला सवड होणार? तेव्हां विद्यावेतन हा उपायाचा अर्धा भाग; पुरेशा संख्येनें नेमलेल्या परिचारिका हा दुसरा अर्धा. पहिल्याखेरीज गरीब मुलगी दारांत येणार नाहीं. दुसऱ्याखेरीज आंत आलेली मुलगी शिकणार नाहीं.

महाराष्ट्रालाहि हा अनुभव परका नाहीं. १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं पुण्यास सेवासदन काढलें, आणि पुढें तेथील स्त्रियांना परिचर्या शिकण्यासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्यास आरंभ केला. लोकांचा विरोध होता. शिकणाऱ्यांत विधवा आणि निराधार स्त्रियाहि होत्या. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेनें केली. 'शिका' असें नुसतें सांगून भागत नाहीं, शिकणारीच्या डोक्यावर छप्पर आणि पानांत अन्न असावें लागतें, हें त्या मंडळींनीं ओळखलें होतें.

रात्रीं दोन वाजतां ताप पाहावयास येणाऱ्या त्या मुलीकडे पुढच्या खेपेस आपण पाहाल, तेव्हां एवढें मनांत आणावें. ती "सिस्टरना विचारून येतें" म्हणते, ह्यांत तिचें अज्ञान नाहीं. तें तिचें शिक्षण आहे. तें विचारण्यास तिला सवड असावी, उत्तर देण्यास सिस्टर जागेवर असावी, आणि उद्यांच्या घरभाड्याची चिंता त्या दोघींच्या मध्यें येऊं नये. ह्यांत तिच्यावर उपकार केल्यासारखें कांहीं नाहीं. उद्यां त्या खाटेवर आपणच असणार आहोंत.